बिनतारेच्या स्प्रिंगा

लिट्ल हेरॉन, विस्कॉन्सिन
११ जानेवारी १९८७

प्रिय आर्डिस,

इथं सगळं ठीक. थंडी आहे. काल सकाळी पारा शून्याखाली अठ्ठावीस होता, पण वारा नव्हता, त्यामुळं तसं काही वाईट नाही. तुझ्या भावजयीचा, लव्होनचा, गुडघा बरा आहे. हरणाचं मांस अजून निम्मं शिल्लक आहे. तू येशील तेव्हा बांधून देईन.

शेजारचा सेल्मर ओयेन गुरुवारी बर्फावर घसरून पडला. डोळ्याला लागलं. ओ क्लेअरच्या इस्पितळात आहे. लव्होननं त्याच्या बायकोला, बर्निसला, खिमा-बटाट्याचं भांडं भाजून पोचवलं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. चर्चची वार्षिक सभा पंधरा फेब्रुवारीला आहे. त्यात मला एक लाकडी पाटी देणार आहेत म्हणे, 'सगळ्यांचा शेजारी' असं कोरलेली. गावातल्या गॅरेजांची दारं मी इतकी वर्षं बसवून देतो, दुरुस्त करतो, त्याबद्दल. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा नको म्हणणं बरं दिसेना. आता उभं राहून दोन शब्द बोलावे लागतील. तू तीस वर्षं पोरांना इतिहास आणि वक्तृत्व शिकवलंस. चार ओळी लिहून पाठव. मोठे शब्द नकोत.

तुझा,
हार्लन


डुलूथ
१७ जानेवारी

प्रिय हार्लन,

चार ओळी लिहीन. भाऊ एकच आहे आणि त्याला पाटीही एकदाच मिळणार.

पण आधी मला एक सांग. माणूस बर्फावर घसरतो तेव्हा पाठीवर पडतो. कुल्ल्यावर पडतो. मनगट मोडून घेतो. डोळा कसा फुटतो? सेल्मर काय बर्फावर डोळा टेकवून चालला होता?

आणि तुझं ते 'तसं काही वाईट नाही'! मला त्या चार शब्दांची लहानपणापासून शिसारी आहे. तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला आठवणार नाही. बाबा लाकडाच्या गिरणीतून आले, जेवायला बसले आणि डाव्या हातानं लोणी मागितलं. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. त्यात दोन बोटं कमी होती. आई म्हणाली, "फार लागलं का?" बाबा म्हणाले, "तसं काही वाईट नाही." आईनं खालची फरशी पुसली आणि पुढचं ताट वाढलं. मी नऊ वर्षांची होते. पावाबरोबर मला रक्ताचा वास येत होता आणि टेबलावर सगळे हवापाण्याबद्दल बोलत होते. त्या दिवशी मी ठरवलं की या घरात निदान एक माणूस बोलेल. तेव्हापासून बोलतेच आहे, आणि तुम्ही सगळे माझ्याकडं बघून खिडकीबाहेर बघता.

तेव्हा नीट लिही. सेल्मर कुठं पडला, कशावर पडला? भाषण पुढच्या पत्रात.

आर्डिस


लिट्ल हेरॉन
२५ जानेवारी

प्रिय आर्डिस,

सेल्मरचा डावा डोळा काढावा लागला. एप्रिलमध्ये काचेचा बसवतील. बर्निस म्हणते, दुसरा चांगला आहे.

बर्निसला त्यांच्या गॅरेजचं दार उचलवत नव्हतं. लाकडी आहे, दोन माणसांचं वजन भरेल. म्हणून मी त्याच शनिवारी जाऊन दोन्ही स्प्रिंगा बदलून दिल्या. आता बोटानं उघडतं.

तो कुठं पडला हे विचारून काय होणार? पडला. भाषणाची वाट बघतो आहे. पास्टर म्हणाले, तीन मिनिटांहून जास्त नको, नंतर कॉफी आहे.

हार्लन


डुलूथ
३० जानेवारी

हार्लन,

शून्याखाली अठ्ठावीस, शेजारी इस्पितळात, आणि तू त्याच शनिवारी त्याच्या दाराच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायला जातोस? तू हे वाक्य लिहिलंस, पुन्हा वाचलं नाहीस. मी वाचलं आणि बर्निसला फोन केला. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"बर्निस, सेल्मर कसा पडला?"

"अगं, पडला झालं."

"कुठं?"

"गॅरेजमध्ये."

"गॅरेजमध्ये बर्फ कुठून आला?"

ती म्हणाली, "तुमच्याकडं थंडी कशी आहे, आर्डिस?"

"बर्निस, स्प्रिंग तुटली ना?"

"हार्लनला सांगू नकोस गं," ती म्हणाली. "त्याला फार वाईट वाटेल. आणि आता पाटीसुद्धा रंगवून झालीय."

पाटीसुद्धा रंगवून झालीय! नवऱ्याच्या डोळ्याच्या जागी कापसाचा बोळा आहे, आणि या बाईला काळजी आहे ती रंगाची. मी फोन ठेवला तेव्हा मला खरोखरच उमासे येत होते. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. मोरीशी जाऊन उभी राहिले.

मग मला नोव्हेंबर आठवला. तुझ्या गॅरेजमध्ये ते हरीण मागच्या पायांनी उलटं टांगलेलं, पोट फाडलेलं, खाली पुठ्ठ्यावर थेंब थेंब पडतंय, आणि तुम्ही पाचसहाजण बाजूला बिअर घेऊन उभे. पायांना बारीक पोलादी तार होती, दोन्ही टोकांना छान फासे. मी विचारलं, "इतकी नीटस तार कुठून आणलीस?" तू हसलास. "दाराच्या स्प्रिंगांबरोबर येते. खडखडते, म्हणून मी दाराला लावत नाही. पण हरणाला एक नंबर!" मग कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडंपण हार्लनची तार आहे." सगळ्यांकडंच होती. मीही हसले, हे कबूल करते, आणि आत जाऊन भोपळ्याचा गोड केक खाल्ला.

काल इथल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारलं. तिथल्या माणसानं दोन मिनिटांत सांगितलं. छताखालच्या रुळाशेजारी ती स्प्रिंग ताणलेली असते. दार बंद असतं तेव्हा सर्वांत जास्त ताण, ओढून धरलेल्या धनुष्यासारखा. ती रोज थोडी थोडी झिजते, गंजते, आणि कडाक्याच्या थंडीत एक दिवस तुटते. तुटणारच. म्हणून तिच्या पोटातून तार घालून दोन्ही टोकं पक्की बांधतात. मग तुटली तरी तुकडे तारेवरच राहतात. तार नसेल तर ते ज्याच्या दिशेनं जातील त्याचं नशीब.

म्हणजे माणसाचा डोळा वाचवायची तार तुम्ही काढली आणि तिला मेलेलं हरीण टांगलं. चरबी आणि केस चिकटलेल्या त्या तारा आत्ता गावातल्या गॅरेजांच्या आढ्यांना लोंबताहेत, आणि त्यांच्यापासून चार हातांवर उघड्या स्प्रिंगा ताणलेल्या आहेत. त्यांच्याखालून बाया किराणा घेऊन जातात.

मी तीस वर्षं वर्गात सांगितलं की मोठे अनर्थ दुष्ट माणसं घडवतात. साफ चुकीचं शिकवलं. त्या सगळ्या पोरांना परत बोलावून सांगावंसं वाटतं की दुष्टांवर निदान कोणीतरी नजर ठेवून असतं. तुमच्यासारख्या भल्या माणसांवर कोण ठेवणार? तुम्ही एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून एकमेकांचे डोळे फुटू देता, आणि वर खिमा-बटाटे पोचवता!

किती गॅरेजं आहेत, हार्लन? आकडा लिही. आणि पंधरा तारखेच्या आत प्रत्येक घरी जा. नाहीतर मी बसनं येईन, तुमच्या त्या सभेत उभी राहीन, आणि तीन मिनिटांत आटोपणार नाही.

आर्डिस


लिट्ल हेरॉन
४ फेब्रुवारी

आर्डिस,

तुला सगळं माहीत असतं. मग हेही माहीत करून घे.

त्या गुरुवारी मी बाहेर बर्फ ओढत होतो. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. सेल्मरच्या गॅरेजच्या बाजूच्या दारानं आत गेलो. तो फ्रीजरच्या झाकणावर बसला होता, तोंडावर टॉवेल धरून. दार दोन दिवस कण्हत होतं म्हणे. म्हणून त्यानं दार उघडायच्या मोटारचं बटण दाबलं आणि कुठं अडतं ते बघायला स्प्रिंगेच्या खाली उभा राहिला. दार वीतभर वर आलं, वाकडं झालं, आणि स्प्रिंग तुटली. अर्धी स्प्रिंग त्याच्या मागच्या प्लायवुडमध्ये रुतली होती. मी ती पकडीनं उपसली आणि कोटाच्या खिशात घातली. का घातली, मला विचारू नकोस. सेल्मर उरलेल्या डोळ्यानं बघत होता.

तो म्हणाला, "हार्लन, मी बहुतेक बर्फावर घसरलो."

मी म्हणालो, "हो. बाहेर फार घसरडं आहे."

बस, एवढंच. मग मी त्याला गाडीत घालून नेलं. तो तुकडा अजून माझ्या कोटात आहे. चर्चला जाताना बरगडीला लागतो.

आकडा हवा होता ना? गावात बारा. त्यात एक माझं, एक सेल्मरचं. त्या दोन्ही ठिकाणी आता तारा घातल्या आहेत. राहिली दहा.

तू म्हणतेस घरोघर जा. गेलो होतो. म्हाताऱ्या अल्विनाकडं गेलो. म्हणालो, तुमच्या स्प्रिंगा जरा बघाव्यात म्हणतो. ती म्हणाली, "छे छे, एवढ्या थंडीत कशाला तसदी घेतोस? छान चाललंय दार." मी म्हणालो, बरं. तिनं कॉफी दिली. तीन कप प्यालो. परत आलो. तुला वाटतं तोंड उघडलं की झालं. तुझ्या तोंडाला सवय आहे. माझ्या तोंडाला नाही.

आणि तेरावं दार तुझं आहे. चौऱ्याहत्तर साली मीच बसवलं होतं. तुझ्याकडं हरीण टांगत नाहीत, म्हणून तुझ्या तारा मी इकडं घेऊन आलो. वर बघ. दार बंद ठेव, भिंतीशी कडेला उभी राहा आणि तिथूनच बघ. बटण दाबू नकोस.

हार्लन


डुलूथ
७ फेब्रुवारी

हार्लन,

पाहिलं.

उजवीकडच्या स्प्रिंगेला मध्ये फट पडली आहे. दोन वेढ्यांमधून बोट जाईल एवढी. गंज वाळलेल्या रक्ताच्या रंगाचा. तार नाही. तेरा हिवाळे मी तिच्याखाली गाडी लावली. कर्तव्यावर, जागरूकतेवर, नागरिकाच्या डोळसपणावर भाषणं पाठ करत तिच्याखालून चालत गेले आणि एकदाही मान वर केली नाही. आठ फुटांवर होती ती. तुम्हा लोकांच्या बोलण्याची शिसारी येते असं मी लिहिलं होतं. आता आरशापुढून जाताना मी घाईनं जाते.

इथला दुरुस्तीवाला आला होता. फिनिश माणूस, वेइक्को नावाचा, बोलायला तुमच्यासारखाच. साथीदाराला घेऊन त्यानं दार हातानं हळूहळू पूर्ण वर नेलं, खाली घसरू नये म्हणून रुळांना शिकंजे आवळले. मग स्प्रिंगा सैल पडल्या तेव्हा दोन्ही काढल्या. मी म्हटलं, एकच खराब आहे. तो म्हणाला, "दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या ना?" नव्या दोन लावल्या, दोघींच्या पोटातून तारा घातल्या. मोटार सोडवून दार कमरेपर्यंत उचललं आणि हात काढले. दार तिथंच राहिलं. म्हणाला, दर महिन्याला असं करून बघा. खाली आलं तर स्प्रिंग थकली. मग दार बंद ठेवायचं, खाली उभं राहायचं नाही, मला बोलवायचं.

जाताना त्यानं जुन्या स्प्रिंगा हातात धरून विचारलं, "हे कोणी बसवलं होतं?"

"माझ्या भावानं."

तो जरा विचार करून म्हणाला, "तुमच्यावर रागावलाय का तो?"

भाषण मी लिहिणार नाही. तू माझे शब्द वाचलेस तर लोक म्हणतील, आर्डिसला छान लिहिता येतं, आणि कॉफी ओततील. येणारही नाही. मी उभी राहिले तर सगळं गाव माझ्यावर चिडेल आणि तू त्यांच्यात जाऊन बसशील. ती सोय तुला करून देणार नाही.

तुझं तोंड तूच उघड. सवय नसेल तर दुखेल. दुखू दे. पण अल्विनाकडं चौथा कप पिऊ नकोस.

आर्डिस


लिट्ल हेरॉन
१८ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

झालं ते क्रमानं सांगतो.

रविवारी प्रार्थना झाली. सगळे खाली तळघरात आले. जमाखर्च, छपराचं काम, मग माझं नाव. पास्टरनी पाटी हातात दिली. मी ती टेबलावर ठेवली आणि खिशातला स्प्रिंगेचा तुकडा काढून शेजारी ठेवला.

मी म्हणालो, "सेल्मरचा डोळा माझ्या कामामुळं गेला. ही त्याच्या भिंतीतून काढली आणि लपवली. स्प्रिंगेतून तार घालायची असते. मी घातली नाही. तुमच्या दहाजणांच्या गॅरेजमध्ये अशाच आहेत. मला त्या बदलायच्या आहेत."

एवढंच होतं. एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

कोणी वर बघेना. मर्लिन फॉस कॉफी ढवळत बसला. तो साखर घेत नाही. अल्विना म्हणाली, "अरे हार्लन, असं काही नसतं रे." मागून कोणीतरी म्हणालं, "थंडीत स्प्रिंगा तुटतातच." आणखी एकजण म्हणाला, "तू किती केलंस आमच्यासाठी." आणि मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. माझ्यामुळं एका माणसाचा डोळा गेला असं मी सांगत होतो, आणि ते टाळ्या वाजवत होते, आर्डिस. हसत, मान हलवत, मायेनं. मला कोणी गोड लापशीच्या कढईत बुडवतंय असं वाटलं. तू जे आयुष्यभर म्हणत आलीस ते मला तिथं उभं असताना कळलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही वाजवल्या असत्या, हेही कळलं, आणि त्यानं जास्त मळमळलं.

तेव्हा सेल्मर उठला. बर्निसनं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवली.

"मी बर्फावर पडलो नव्हतो," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

त्यानं पट्टी वर केली. जखम अजून ओली आहे. लव्होननं मान फिरवली. पास्टर खाली बघायला लागले. सेल्मर तसाच उभा राहिला, पट्टी बोटानं वर धरून, आणि सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं वळला, म्हणजे प्रत्येक टेबलाला दिसावं. बर्निस रडत होती आणि म्हणत होती, "सेल्मर, लोक खाताहेत."

अल्विनानं मात्र नजर हलवली नाही. सगळं नीट पाहून घेतलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "माझं दार आठवडाभर कण्हतंय. आज दुपारीच ये."

दुपारी तिच्याकडं गेलो. मोटार सोडवली, दार कमरेपर्यंत उचललं, हात काढले. असं खाली आदळलं की भिंतीवरच्या फळीवरून बीटच्या लोणच्याच्या तीन बरण्या खाली आल्या. अल्विना त्या लाल पाण्याकडं बघत म्हणाली, "आणि मी तुला छान चाललंय म्हणाले होते." मी म्हणालो, "मी ऐकून घेतलं होतं."

तिथून पुढं एकेक घर घेतलं. तीन दिवस लागले. काही ठिकाणी दाराला हात लावण्याआधी आढ्याची तार काढावी लागली. तू लिहिलं होतंस तशीच होती. केस, काळी पडलेली चरबी, फाशात हाडाचा चुरा. मर्लिन म्हणाला, "धुऊन तीच घाल की." ती पिळवटून मधोमध उसवली होती. मी ती डब्यात टाकली आणि म्हणालो, "मर्लिन, नाही." मला वाटतं, मी त्याला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. तो जरा गांगरला. मग त्यानंच शिडी धरली.

सेल्मर सगळीकडं बरोबर आला. मी बोलावलं नव्हतं. विजेरी धरायचा. मी प्रत्येक घरी दार वर नेऊन शिकंजे आवळेपर्यंत त्याला भिंतीशी उभं करायचो. एका डोळ्यानं त्याला अंतर कळत नाही, उजेड हातभर बाजूला पडायचा. मी काम तसंच केलं. प्रत्येक घरातल्या माणसाला आम्ही दार कमरेपर्यंत उचलून सोडायला शिकवलं. सेल्मर शिकवायचा. त्याचं लोक ऐकतात.

काल संध्याकाळच्या आत दहावं झालं. सामान मागं टाकून आम्ही ट्रकमध्ये बसलो. मला वाटलं, आता तो म्हणेल, चला, झालं एकदाचं. मी तेच म्हणणार होतो.

तो काचेतून समोर बघत म्हणाला, "हार्लन, मला तुझा राग आलाय."

चाळीस वर्षांत मी त्याच्या तोंडून असलं वाक्य ऐकलेलं नाही. त्याच्याच काय, या गावात कोणाच्याच. माझ्या तोंडावर आलं होतं की बाहेर वारा सुटलाय.

मी म्हणालो, "हो."

"खूप आलाय," तो म्हणाला.

मी किल्ली फिरवली नाही. त्याला अजून बोलायचं होतं.

हार्लन